दोन पातेली

९ जानेवारी

मावशी,

नमस्कार. वर मानाच्या चार ओळी लिहिणार होते. पण अकरा महिने तोंड न दाखवलेलं माणूस एकदम पायाच पडायला लागलं की आपण आधी मागची खिडकी लावून घ्यावी, असं तूच म्हणायचीस. म्हणून सरळ कामाचं लिहिते.

कारखान्याच्या कॅन्टीनची कोठी रिकामी करताहेत. त्यात तुझ्या वस्तू निघाल्या. पुठ्ठ्याची घडी पायाखाली घातलेलं ते डुगडुगतं स्टूल, दोन लांब डाव, काडी मोडलेला चष्मा आणि एक निळा स्वेटर. काचेच्या भट्टीशेजारी सव्वीस वर्षं स्वयंपाक करणाऱ्या बाईला स्वेटर कशाला लागत होता, कोण जाणे. हे सगळं दादाच्या पत्त्यावर पाठवू की कसं, तेवढं कळव. फोन केला की तुझा मुलगा उचलतो आणि 'आई झोपलीये' म्हणतो. सकाळी दहाला झोपलीये, संध्याकाळी सहालाही झोपलीये. जन्मात कधी दुपारी पाठ न टेकलेली बाई तिकडे जाऊन एवढी झोपते म्हणे! दादाला धड खोटंही बोलता येत नाही. शेवटी पत्र लिहायला बसले.

कोठीच्या जागी व्यायामाची खोली होणार आहे. तीन सायकली येऊन पडल्या आहेत. त्यांच्यावर अजून कोणी बसलेलं नाही, पण फोटो काढून झाले.

तुला राग आहे, माहीत आहे. पण एकदा शांतपणे ऐक. कंपनीने मला आहारतज्ज्ञ म्हणून घेतलं ते कामगारांच्या आरोग्याचा कार्यक्रम चालवायला. कॅन्टीनच्या जेवणाची तपासणी हे त्यातलं पहिलं काम. ते मी केलं. तुझ्या रश्श्यात मीठ जास्त निघालं, मी आकडा लिहिला. 'कॅन्टीन बंद करा, स्वयंपाकिणीला घरी बसवा' असं एक अक्षर मी लिहिलेलं नाही. वरच्या लोकांना बाहेरून बंद डबे मागवायचेच होते, माझा अहवाल निमित्त झाला. डॉक्टरने ताप मोजला म्हणून ताप त्यानेच आणला, असं होत नाही ना?

बाकी सगळं ठीक आहे. भट्टीवरच्या लंबूच्या हाताला थोडं लागलंय, पण काळजीचं काही नाही.

तुझी
बारकी


१८ जानेवारी

मावशी,

उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे ते घरात आहे. तू फाडून टाकलं असशील तर आधी वाचून मग फाडलं असशील. आपण एका छताखाली तेवीस वर्षं काढलीत, मी नऊ वर्षांची असल्यापासून. मला माहीत आहे.

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. लंबूला 'थोडं' लागलेलं नाही.

दोन तारखेला पाळी सुटायला तासभर उरला असताना भट्टीसमोर त्याच्या पोटरीत गोळा आला. आधी एका, मग दोन्ही. तोल गेला. आधाराला हात पुढे केला तो नुकतीच बाटली निघालेल्या तापल्या साच्यावर टेकला. उजवा तळहात पुरता भाजला. शेजारच्याने कॉलर धरून मागे ओढला म्हणून तेवढ्यावर निभावलं. तू त्याला 'उंट' म्हणायचीस ना, तो आता हॉस्पिटलच्या पलंगावर गुडघे मुडपून झोपतो, कारण पलंग पुरत नाही.

एचआरच्या बाई माझ्याकडे एक कागद घेऊन आल्या. त्यावर छापलंय की सदर कर्मचाऱ्याने आरोग्य कार्यक्रमातील आहारविषयक सूचनांचे पालन केले नाही, त्यामुळे अशक्तपणा येऊन अपघात घडला. खाली माझ्या सहीची जागा. मी सही केली की चूक त्याची ठरते. चूक त्याची ठरली की हात बरा झाल्यावर त्याला परत कामावर घ्यायचं बंधन कंपनीवर राहत नाही. बारा वर्षांची नोकरी एका ओळीत संपते.

आता दुसरी गोष्ट. कार्यक्रमातल्या प्रत्येकाला मी महिन्याचा एक तक्ता देते. रोजचे चार चौकोन. डबा पूर्ण खाल्ला. वरून मीठ घेतलं नाही. मीठ-लिंबाचं पाणी बंद. साधं पाणी चार लिटर. बहुतेक जण पाळीला लागताना चारही चौकोनांत एकदम खुणा करून मोकळे होतात, काही जण तर पुढच्या आठवड्याच्याही करून ठेवतात. लंबूचा तक्ता तसा नाही. त्याने पेन्सिलीने, टोक काढून, रोजच्या रोज खुणा केल्यात, आणि दोन दिवशी डबा पूर्ण संपला नाही तर तिथे चौकोन रिकामा सोडलाय. म्हणजे बाकीचं खरं आहे. माझं सगळ्यात जास्त ऐकणारा माणूस तोच होता.

तो तक्ता माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहे. एचआरच्या बाईंनी विचारलं, "त्याचा काही रेकॉर्ड आहे का तुमच्याकडे?" मी म्हटलं, "बघते." बघायचं काय त्यात? मला तो पाठ आहे.

पाच फेब्रुवारीला साहेबांसमोर बैठक आहे. तोपर्यंत मुदत मागून घेतली. खरं सांगायचं तर पेनाचं टोपण काढून झालं होतं.

बारकी


२१ जानेवारी

मावशी,

काल लंबूला भेटून आले. त्याने कुठेतरी डबा टाकलेला असेल, पाणी विसरला असेल, घरी काही उलटसुलट खाल्लं असेल, तेवढं सापडलं की माझी सही खरी ठरेल, ह्या हेतूने गेले होते. वर फळंही नेली. तुला हे सांगायची लाज वाटते आणि तरी सांगते.

त्याच्या बायकोने मला खुर्ची दिली आणि स्वतः उभी राहिली. मी तोंड उघडायच्या आत लंबूनेच विचारलं, "मॅडम, माझं काय चुकलं?"

"चुकलं म्हणजे?"

"नाही, तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. बाकीचे खिशात मिठाची पुडी आणायचे, मी आणली नाही. पाणी बाटलीने मोजून प्यायलो. तरी गोळे आले. काय राहिलं असेल ते सांगा, पुढच्या वेळी लक्ष ठेवतो."

पुढच्या वेळी म्हणे! बोटांपासून मनगटापर्यंत पट्टी, आणि हा अजून माझ्या तक्त्यातला रिकामा चौकोन शोधतोय. त्याची बायको हळूच म्हणाली, "घरीपण मी भाजीत मीठ निम्म्यावर आणलं होतं. तुमचा कागद ओट्यासमोर लावलाय ना." भांडणारं माणूस मला परवडतं, मावशी, तुझ्याच हाताखाली वाढले. पण ह्या दोघांसमोर मला बसवेना.

जिन्यात भट्टीमास्तर भेटले, तेही त्यालाच भेटायला आले होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "एक विचारू का? राग मानू नका. त्या तपासणीच्या दिवशी तुम्ही कुठल्या पातेल्यातलं नेलं होतं?"

"कॅन्टीनच्या."

"कॅन्टीनची दोन होती."

मग त्यांनी जिन्यातच उभं राहून मला सांगितलं, जे सव्वीस वर्षं सगळ्या भट्टीला माहीत होतं. मोठं पातेलं भट्टीवाल्यांचं, छोटं ऑफिस आणि पॅकिंगवाल्यांचं. "भट्टीसमोर घाम वाळला की आमच्या शर्टांच्या पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उठतात. तुमच्या मावशी वाढपाच्या खिडकीतून त्या बघायच्या. रेघ जाड दिसली की दुसऱ्या दिवशी मोठ्या पातेल्यात मूठ वाढायची. आणि मी एवढा भट्टीचा मास्तर, पण मला मात्र छोट्या पातेल्यातलंच. माझं ब्लडप्रेशर आहे ना. किती भांडलो त्यांच्याशी! म्हणायच्या, मास्तर, मला तुमच्या बायकोला तोंड दाखवायचंय."

मी त्यांना म्हटलं, "मला दोन पातेल्यांचं माहीतच नव्हतं." ते "असेल, असेल" म्हणाले आणि वर गेले.

तेही खोटं होतं. आता एकदा सगळं लिहून टाकते, नाहीतर ह्या पत्रांना काही अर्थ नाही.

मी छोटं पातेलं पाहिलं होतं. त्या दिवशी ऑफिसमधल्या दोघांना घेऊन मी आले, रांग लागलेली होती. तू ॲप्रनला हात पुसत म्हणालीस, "बारके, थांब, हे मोठं आहे ते भट्टीवाल्यांचं, आधी ऐकून घे," आणि मी तुला तिथेच तोडलं. "कामाच्या ठिकाणी मला मॅडम म्हणायचं, मावशी." रांगेतले दोघे-तिघे हसले. तू हातातलं ताट वाढून पुढे सरकवलंस. मी मोठ्या पातेल्यातलं बरणीत भरून झाकण लावलं.

का, ते मला पक्कं माहीत आहे. नवी नोकरी, पहिलीच तपासणी, आणि समोर माझीच मावशी. कोणी म्हणू नये की घरच्या माणसाला सांभाळून घेतलं. तपासणीच्या कागदावर वरच चार प्रश्न छापलेले असतात. पदार्थ कोणासाठी, किती जणांचा, कुठल्या पाळीचा, त्यांचं काम काय. परकी स्वयंपाकीण असती तर मी तिला ते चारही विचारले असते. तुला एकही विचारला नाही. ते चौकोन मी रिकामे सोडले आणि खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं की दिवसभरात पाच ग्रॅम मीठ पुरे असताना इथे एका ताटातच सहा ग्रॅम वाढलं जातं.

तूही काही कमी नाहीस. संध्याकाळी घरी सांगता आलं असतं. एकाच टेबलावर जेवत होतो आपण. पण नाही. तू त्या रात्रीपासून मला घरातही मॅडम म्हणायला लागलीस. "मॅडम, चहा." "मॅडम, दिवा घालवा." आणि महिन्याने कॅन्टीन बंद झालं तेव्हा मॅडमला न सांगताच दादाकडे निघून गेलीस.

सही करणार नाही. पण नुसतं 'नाही' म्हणून लंबू वाचत नाही. काय करायचं ते मला कळलंय.

बारकी


३० जानेवारी

मावशी,

आठ दिवस पहाटे साडेपाचला कारखान्यात जातेय. भट्टीच्या दाराशी माझा वजनकाटा नेऊन ठेवला. आत जाताना प्रत्येकाचं वजन, बाहेर येताना वजन, मध्ये प्यायलेलं पाणी बाटल्या मोजून. लघवीला गेलं तर तेही मोजून आणायचं, त्यासाठी प्रत्येकाला झाकणाची बाटली दिली. पहिल्या दिवशी भट्टीवाल्यांनी मला सळो की पळो करून सोडलं. "मॅडम, आम्हाला वजनावर विकायला काढलंय का?" "मॅडम, ह्याचे बूट काढून घ्या, बुटातच दोन किलो आहेत." बाटल्यांवरून जे बोलले ते तुला लिहीत नाही. तू ह्याच्यापेक्षा वाईट ऐकलं असशील आणि दुप्पट परत केलं असशील. तिसऱ्या दिवशी मात्र ते स्वतःहून रांगेत उभे राहायला लागले, कारण कोण किती घामाघूम होतो ह्यावर त्यांची पैज लागली होती.

दवाखान्याच्या डॉक्टरांना गाठलं. त्यांनी पाठीवर चिकटवायच्या पट्ट्या दिल्या, घाम टिपणाऱ्या. त्या प्रयोगशाळेत पाठवल्या. एचआरच्या बाई एकदा दारापर्यंत आल्या, रुमालाने नाक दाबून म्हणाल्या, "हे तुमच्या कामाच्या यादीत आहे का?" मी म्हटलं, "हेच होतं. मीच केलं नव्हतं."

आज आकडे आले. नीट वाच, घाई करू नकोस, हवं तर दादाकडून वाचून घे.

भट्टीवरचा माणूस एका पाळीत सरासरी पाच लिटर घाम गाळतो. त्यातून मीठ जातं सात ग्रॅम, कोणाचं आठही. तुझ्या मोठ्या पातेल्यातल्या एका ताटात मला सापडले होते सहा. वर तू दाराशी ठेवायचीस ते मीठ-लिंबाचं पाणी. बेरीज कर. काटा नाही, प्रयोगशाळा नाही, शर्टांच्या पाठी बघून तू गेलं तेवढं परत करत होतीस. आणि मी ते पाणी बंद केलं, डब्यातलं मीठ निम्मं केलं आणि वर चार लिटर साधं पाणी प्यायला लावलं. अंगात उरलंसुरलं होतं तेही त्या पाण्याने पातळ झालं. लंबूच्या पायात गोळे आले नसते तरच नवल होतं.

मी आकडे तीन वेळा पुन्हा केले. कुठे चुकले असेन तर बरं, असं वाटत होतं. नाही चुकले. मग टेबलावर डोकं ठेवून रडून घेतलं आणि उठून अहवाल लिहायला लागले.

तुझं मोठं पातेलं बरोबर होतं. माझा अहवाल चूक होता. हे आधी तुला लिहितेय, मग त्यांना.

बारकी


५ फेब्रुवारी

मावशी,

बैठक झाली. आत्ताच घरी आले, चपलाही काढलेल्या नाहीत.

आत जायच्या आधी एचआरच्या बाईंनी मला खिडकीशी नेलं. बाई वाईट नाहीत, हे मला आज कळलं. म्हणाल्या, "तुमच्या भल्यासाठी सांगते. तक्ता सापडला नाही म्हणा. मग सहीचाही आग्रह मी धरत नाही, मोघम काहीतरी लिहू. तो मोकळा नाही, तुम्ही अडकलेल्या नाही."

मावशी, दोन मिनिटं मी खरंच विचार केला. ह्या नोकरीसाठी मी किती दारं झिजवली ते तुला माहीत आहे. मग म्हटलं, "तक्ता सापडलाय," आणि आत गेले.

साहेब समोर, बाजूला डॉक्टर, दाराशी भट्टीमास्तर. मी तक्ता टेबलावर ठेवला.

"सूचना त्याने मोडल्या नाहीत," मी म्हटलं. "सगळ्या पाळल्या. सूचनाच चुकीच्या होत्या."

"कोणी दिलेल्या?"

"मी."

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे तुमचा गेल्या वर्षीचा अहवाल चुकीचा? ज्याच्यावर आम्ही कॅन्टीन बंद केलं?"

"हो."

"हे लेखी द्याल?"

"लेखीच आणलंय."

आणि मी वाचून दाखवलं. एका पातेल्याचा नमुना घेतला. दुसरं दिसत असून विचारलं नाही. स्वयंपाकीण सांगत होती, तिला बोलू दिलं नाही. तिच्या नावापुढे 'मुख्य स्वयंपाकीण, सव्वीस वर्षं' असं मी लिहिलंय. वाचताना एकदाच अडखळले, ते तिथे. मग पाळीचे आकडे, मग पट्ट्यांचे आकडे, मग तुझ्या पातेल्याचा आकडा. डॉक्टरांनी मध्येच म्हटलं, "हे बरोबर आहे." तेवढेच तीन शब्द बोलले, पण वेळेवर बोलले. साहेबांना पटत नव्हतं. म्हणाले, "एका स्वयंपाकिणीचा अंदाज आणि तुमची पदवी, ह्यात आम्ही अंदाजावर जायचं?" तेव्हा मास्तर दाराशी उभ्या उभ्या म्हणाले, "साहेब, सव्वीस वर्षांत गोळे येऊन कोणी पडलं नव्हतं. डबे आल्यापासून हा तिसरा. पहिले दोघे नुसतेच बसकण मारून वाचले, म्हणून तुमच्यापर्यंत आलं नाही."

तिसरा. मलाही माहीत नव्हतं. त्या दोघांनी मला सांगितलं नाही, मॅडम रागावतील म्हणून.

सांगते काय ठरलं ते. लंबूवरचा ठपका काढला. हात बरा होईपर्यंत त्याला बाटल्या तपासायच्या टेबलावर बसवणार, मग भट्टीवर. मीठ-लिंबाचं पाणी उद्यापासून दाराशी. कॅन्टीन पुन्हा चालू करायचा विचार करणार. आणि माझा करार एकतीस मार्चला संपतो, तो पुढे वाढवणार नाहीत. एचआरच्या बाईंनी सुचवलं की आजच राजीनामा दिलात तर कागदावर काही राहणार नाही. मी नको म्हटलं. कागदावर राहू दे. एकतीसपर्यंत माझं काम आहे आणि ते मी करणार.

येताना कारखान्याच्या भिंतींवरची कमी मिठाच्या सूचनांची माझी पोस्टर्स मी स्वतः काढली. लंबूच्या घरी जाऊन ओट्यासमोरचंही काढलं. त्याच्या बायकोने मला चहा केला आणि ह्या वेळी ती बसली.

बारकी


२२ फेब्रुवारी

मावशी,

मास्तर तुझ्याकडे येऊन गेल्याचं कळलं. मी पाठवलं नव्हतं. कॅन्टीन चालू करायचं ठरलं आणि साहेब त्यासाठी बाहेरचा कंत्राटदार बघत होते, तेव्हा भट्टीवाल्यांनी सांगितलं की दोन पातेली ज्याला कळतात त्याच्याच हातचं खाऊ, नाहीतर घरून आणू. मग मास्तर सुट्टी टाकून निघाले.

तू हो म्हणालीस, आणि अट घातलीस. तुझी अट सांगताना मास्तर माझ्याकडे न बघता खिशात काहीतरी शोधत होते. "म्हणाल्या, त्या मॅडमचं पाऊल माझ्या स्वयंपाकघराला लागता कामा नये."

मंजूर. मास्तरांच्या तोंडी निरोप दिलाय, इथे लेखी देते.

सामान दादाकडे पाठवलं नाही, कोठीतच ठेवलंय. सायकली मी गोदामात हलवल्या, कोणी विचारलंही नाही. भट्टीवर ब्लडप्रेशरवाले आता पाच आहेत, मास्तर धरून. त्यांची यादी ह्यासोबत आहे, त्यांना छोट्या पातेल्यातलं. तुला लागणार नाही, तू चेहरा बघून ओळखशील, पण दोन नवे आहेत. लंबूला डाव्या हाताने खावं लागतं, त्याला पातळ कमी वाढ.

माझ्याबद्दल तू मास्तरांना काही विचारलं नाहीस. मी विचारलं, म्हणून कळलं. पण माझी पत्रं टेबलावर होती म्हणे, वाचलेली. एवढं मला पुरतं असं लिहिणार होते. पुरत नाही.

बारकी


४ मार्च, सकाळी अकरा

मावशी,

हे पत्र पोस्टात टाकत नाही, चहाचे कप घ्यायला आलेल्या माणसाच्या हाती देतेय. तू खाली आहेस आणि मी बरोबर तुझ्या डोक्यावर. सकाळी सातपासून तुझा आवाज ऐकतेय. भाजीवाल्याला परत पाठवलंस, मदतनीस पोरींना झापलंस, कोणाचं तरी लग्न ठरल्याचं ऐकून हसलीस. पंखा सुरू झाला तसा फोडणीचा वास वर आला. ऑफिसमधले पावणेअकरापासून घड्याळ बघताहेत.

मी तुझ्या स्वयंपाकघरात येणार नाही. शब्द दिलाय. पण मी जाऊन नीट बघून आले, रांग लागते ती बाहेरच्या वऱ्हांड्यात. ती जागा तुझ्या अटीत येत नाही.

तेव्हा बाराला मी खाली येते. ताट घेऊन, भट्टीवाल्यांच्या मागे, सगळ्यांसारखी. माझा नंबर आला की मी जे बोलायचंय ते खिडकीशी उभी राहून मोठ्याने बोलणार आहे, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. सगळ्यांच्या देखत तुला तोडलं होतं, माफी कोपऱ्यात मागून कशी चालेल? हसले होते त्यातले दोघे अजून इथेच आहेत. त्यांना मी पुढे उभं राहायला सांगितलंय.

तू बोलू नकोस. मॅडम म्हण हवं तर. माझं ताट रिकामं परत केलंस तरी मी ओरडणार नाही, उद्या पुन्हा येईन, परवा पुन्हा. माझा गेटपास एकतीस तारखेपर्यंत चालतो, मावशी. तोवर रोज बाराला मी रांगेत आहे.

बारकी